चित्रावरून मन उठलं की काय करायचं

माझ्याकडे पोर्ट्रेटची जी कामं येतात त्यातली निम्मी वर्षश्राद्धाची असतात. माणूस गेल्यावर घरच्यांच्या लक्षात येतं की धड फोटोच नाही. मग आधार कार्डाची झेरॉक्स नाहीतर लग्नातल्या ग्रुप फोटोचा एखादा कोपरा व्हॉट्सअॅपवर येतो, खाली लिहिलेलं असतं, 'ताई, जरा हसरे करा.' साताऱ्यात बावीस वर्षं मी हे करतेय, आणि संध्याकाळी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचा क्लास. तीन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात एका आजोबांचे डोळे काढायला बसले आणि हात पुढे जाईना. पाणी बदललं, पेन्सिलींना टोक केलं, शेवटी उठून भांडी घासली. असे सोळा दिवस गेले.

पहिल्यांदा हा नुसता शीण आहे का ते बघा. तीन रात्री पुरेशी झोप काढा. शीण असेल तर चौथ्या दिवशी ब्रश हातात घ्यावासा वाटतो. मला वाटला नाही, उलट गिऱ्हाइकांचा राग यायला लागला. खरं सांगायचं तर त्या गेलेल्या आजोबांचासुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नाही, कामातून येणारी अवस्था म्हणून. त्यात तीन गोष्टी धरल्यात: अंगातली ताकद संपणं, कामाबद्दल तुसडेपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. माझ्यात तिन्ही होत्या. मात्र चित्र सोडून बाकी कशातच जीव रमत नसेल, जेवणखाण आणि झोप दोन आठवडे बिघडली असेल, तर हे पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

'थोडे दिवस ब्रेक घे,' असं सगळे सांगतात. ज्यांची चूल चित्रावर पेटत नाही त्यांना सांगायला काय जातं! मी ऑर्डरींची वही घेऊन बसले. वर्षश्राद्धाची तिथी हलत नाही. हॉलमध्ये लावायच्या निसर्गचित्राची तारीख हलते. ज्यांची हलते अशा नऊ जणांना फोन केले. मेसेज नको, फोनच करा, आवाज ऐकला की माणसं समजून घेतात. वाक्य एकच: 'काम दिवाळीनंतर देईन, चालणार नसेल तर अॅडव्हान्स आजच परत करते.' कारण सांगत बसू नका. सात जण थांबले, दोघांचे पैसे परत गेले. त्या महिन्यात किराणा उधारीवर आला, हेही सांगून ठेवते.

उरलेली चार पोर्ट्रेटं मी मजुरी म्हणून केली. चौकटींची ग्रिड टाकायची, मग फोटोही उलटा आणि कागदही उलटा. उलट्या फोटोत आजोबा दिसत नाहीत, एक गडद तुकडा, त्याशेजारी एक फिकट तुकडा, एवढंच दिसतं. एकेक चौकट भरायची. जीव ओतायचा नाही. चित्रकाराला हे ऐकायला बरं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. पण वेळेत चार चित्रं गेली आणि एकानेही तक्रार केली नाही. (यावरून जरा वाईटच वाटलं.)

स्वतःसाठी मात्र चित्र पूर्ण बंद ठेवलं आणि रोज अर्धा तास फक्त रंग. महागाचा कागद काढू नका, क्लासच्या मुलांचे पाठकोरे कागद बास. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, दोनच रंग. एका टोकाला निव्वळ तपकिरी, दुसऱ्या टोकाला निव्वळ निळा आणि मधे थोडं थोडं प्रमाण बदलत राखाडीचे चौकोन. माझे चोवीस झाले. अकराव्या चौकोनात पावसाळी अजिंक्यताऱ्याचा रंग सापडला, पण किल्ला काढला नाही. मोह होतो, आवरा.

कुणाच्या तरी सांगण्यावरून कासला गेले. फुलांपेक्षा गाड्या जास्त, आणि 'काढ ना काहीतरी!' म्हणणारी मैत्रीण बरोबर. आणखी दमून परत आले. औंधचं मात्र बरं झालं. रहिमतपूरवरून एसटीने गेले, वही घरी ठेवून. यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय १९३८चं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं. ते संस्थानिक आणि स्वतः चित्रकारही. त्यांना गिऱ्हाइकांचे फोन येत नव्हते म्हणा! तिथे रविवर्म्याची सैरंध्री आहे, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई-मूल आहे. सगळं बघायला गेलात तर पाय आणि डोळे दोन्ही दुखतील. मी त्या आई-मुलापाशीच वीस मिनिटं थांबले. जाण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्या.

पेन्सिल पहिल्यांदा हातात घेतली ती संगम माहुलीला. सकाळी सातला घाटावर बसून नुसत्या पायऱ्या काढल्या, आडव्या रेघा. पायरीवर एक कुत्रं झोपलेलं, म्हणून तेही घेतलं. पाठ झाली, शेपूट झालं आणि ते उठून कृष्णेत पाणी प्यायला गेलं. ते चित्र तसंच आहे, बिनपायाचं. पूर्ण करायचं नाही असं ठरवून ठेवलं होतं, ते बरं झालं.

दिवाळीनंतर कामं पुन्हा घेतली, पण महिन्याला सातऐवजी चार, आणि दर वाढवून. दुसरी अट अशी की घरच्या कुणीतरी अर्धा तास येऊन त्या माणसाबद्दल बोलायचं. 'हसरे करा' म्हणणाऱ्या एका सुनेला विचारलं, सासूबाई कशावर हसायच्या? ती म्हणाली, 'हसायच्या कुठं ताई, पदर लावायच्या तोंडाला.' मग पदरच काढला.

आणि अजूनही एखाद्या दिवशी डोळ्यांपाशी हात अडतो. अशा वेळी कानापासून सुरुवात करा. कान चुकला तर घरच्यांनासुद्धा कळत नाही.