एबीएसचा दिवा लागलाय? या चुका टाळा

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या प्रत्येक कारला एबीएस, म्हणजे ब्रेक करकचून दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. आता मीटरमधला तो पिवळा दिवा घेऊन आठवड्याला एखादी तरी गाडी आमच्या गॅरेजात येतेच. मूळ बिघाड बहुधा किरकोळ असतो. वेळ जातो तो आधी कुणीतरी करून ठेवलेलं निस्तरण्यात.

पहिली गोष्ट जिवाशी गाठ असलेली. नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात. मात्र करकचून दाबले तर चाकं जाम होऊ शकतात, म्हणून अंतर ठेवून, सावकाश गॅरेज गाठा. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या. हँडब्रेक पूर्ण उतरलाय का आणि ब्रेक ऑइल किती आहे ते बघा. ऑइल कमी दिसलं म्हणून नुसतं ओतून निघू नका, ते कुठे गेलं हे आधी कळलं पाहिजे. दोन्ही ठीक असूनही दिवे जात नसतील तर सरळ टोइंग बोलवा. मागच्या चाकांचा ब्रेक आवरणारी ईबीडीसुद्धा तेव्हा बंद असू शकते.

आता ज्या चुकीने माझं डोकं उठतं ती: स्कॅनरवर (गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र) बिघाडाचा कोड आला की चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलायचा. सी००३५ आला म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा वेग नीट कळत नाही, एवढंच तो सांगतो. दोष सेन्सरचा, वायरचा, कपलरचा (वायर जोडायचा प्लग) किंवा बेअरिंगचाही असू शकतो. (डावं म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसून डावं. बोनेटसमोर उभं राहून भलतंच चाक खोललेले लोक मी पाहिलेत.)

दोन पावसाळ्यांपूर्वी गुहागरच्या एका काकांची हॅचबॅक आली. पुढच्या चाकाचा आवाज येतो म्हणून त्यांनी दुसरीकडे बेअरिंग बदलून घेतलं होतं. आवाज गेला, दिवा लागला. मग तिथेच लागोपाठ दोन नवे सेन्सर बसले आणि शेवटी ‘एबीएसचं युनिट गेलंय, ४० हजार लागतील’ असं सांगितलं गेलं. मी स्कॅनर लावून पोराला गाडी चालवायला सांगितली आणि चारही चाकांचा वेग बघत बसलो. तीन चाकं २०, चौथं शून्य. काकांना विचारलं, “दिवा नेमका कधीपासून?” ते म्हणाले, “बेअरिंग घातलं त्याच संध्याकाळपासून.” तिथेच उलगडा झाला.

बऱ्याच नव्या गाड्यांत सेन्सरला वेग कळण्यासाठी चाकासोबत फिरणारी दातेरी रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाचे बारीक पट्टे असतात आणि सेन्सर ते वाचतो. ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी. इथे बेअरिंग उलटं दाबून बसवलं होतं. चाक छान फिरतं, आवाज नाही, फक्त सेन्सरसमोर वाचायला काही नाही. प्रेसवर काढताना बेअरिंग खराब होतं, म्हणून काकांना पुन्हा नवं घ्यावं लागलं. युनिटला हातही लावला नाही.

तेव्हापासून बेअरिंग दाबण्याआधी मी दोन्ही तोंडांवर चुंबक दाखवणारं कार्ड धरतो. ज्या बाजूला पट्टे उमटतात ती सेन्सरकडे. नुसत्या सीलच्या रंगावर विसंबत नाही. आणि नवं बेअरिंग नट ठेवायच्या चुंबकी ताटलीत कधीच ठेवू नका, पट्टे बिघडतात.

सेन्सरचा संशय असेलच तर तो काढून टोक पुसा. त्यावर लोखंडाचा कीस, चिखल बसलेला असतो. मग वायर हलवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून स्कॅनरवर वेग तुटतोय का बघा. कोकणात पावसाळ्यानंतर कपलर खोललं की पिनांवर हिरवट थर हमखास दिसतो, आणि उभ्या गाडीत वायर उंदीर कुरतडतात. मला तरी बिघाड सेन्सरपेक्षा तिथेच जास्त वेळा सापडलाय.

अडकलेला सेन्सर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. गंजावर तेल मारा, थांबा, गोल फिरवून सोडवा. दहा मिनिटं धीर नाही म्हणून सेन्सर आतच तुटतो आणि मग अख्खा दिवस जातो.

मल्टिमीटरने ओम मोजून सेन्सर ‘गेला’ ठरवू नका, नव्या ॲक्टिव्ह (गाडीकडून वीज घेऊन चालणाऱ्या) सेन्सरला ती परीक्षा लागूच होत नाही.

स्वस्तातले बरेचसे स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात. तिथे ‘फॉल्ट नाही’ आलं याचा एबीएसशी संबंध नाही.

कोड लिहून घेतल्याशिवाय पुसू नका.

बॅटरी उतरलेली असली तरी दिवा लागतो, आधी ती तपासा.

फ्यूज काढून किंवा दिव्यावर पट्टी चिकटवून गाडी विकणाऱ्यांबद्दल मला बिलकूल सहानुभूती नाही. पुढचा माणूस पोराबाळांना घेऊन घाट उतरणार असतो. जुनी गाडी घेताना किल्ली फिरवा: एबीएसचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही, तर बाकी गाडी कितीही चकचकीत असो, मी सौदा तिथेच थांबवायला सांगतो.