बारांमधला आठवा : कबड्डीवर पोट भरू पाहणाऱ्या मुलांसाठी

श्रीवर्धन तालुक्यात कबड्डी सुरू करायला कोणाला विचारावे लागत नाही. भात झोडून झाले की गावोगाव मातीची मैदाने तयार होतात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत रात्रीच्या प्रकाशझोतात स्पर्धा चालू राहतात. अवघड असते ते या खेळावर वर्षानुवर्षे घर चालवणे. मी ते चौदा हंगाम केले, सहा संघांकडून केले आणि त्यांपैकी एकाही संघाचा मुख्य खेळाडू न होता केले. संघात बारा जण असतात, मैदानात सात उतरतात. मी बहुतेक काळ आठवा होतो. नामवंतांच्या मुलाखतींत या आठव्या माणसाचा हिशेब येत नाही, म्हणून तो येथे मांडत आहे.

गावात मी चढाईपटू होतो. गावातला प्रत्येक चपळ मुलगा चढाईपटूच असतो, कारण टाळ्या तिकडेच वाजतात. मुंबईतल्या एका व्यावसायिक, म्हणजे बँक-कारखान्यासारख्या आस्थापनेच्या, संघाच्या निवड चाचणीला गेलो तेव्हा माझ्यासारख्या चढाईपटूंची रांग मैदानाबाहेर गेली होती आणि बचावाचा डावा कोपरा सांभाळणारे मात्र तिघेच आले होते. प्रशिक्षकांनी विचारल्यावर मी कोपऱ्यात उभा राहिलो आणि पुढची दोन वर्षे घोट्याची पकड शिकण्यात घालवली. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना केलेल्या पकडीला एक गुण जादा मिळतो, त्यामुळे अशा वेळी घाई न करणारा कोपरारक्षक प्रत्येक संघाला बाकावर हवा असतो. आपल्याला काय आवडते यापेक्षा संघाला कशाची टंचाई आहे हे ज्याने आधी ओळखले, त्याला दुसरा करार मिळण्याची शक्यता वाढते.

कराराविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण याच ठिकाणी मुले फसतात. बँका, कारखाने, रेल्वे, पोलीस, बंदर यांच्या संघांत दोन प्रकारचे खेळाडू असतात : काही नोकरीत कायम असतात आणि काही ठरावीक मुदतीच्या मानधनावर. माझे सगळे करार अकरा महिन्यांचे होते. पहिला करार मी न वाचता सही करून दिला. घरी आईने पेढे वाटले आणि मी लालबागेतल्या गावकीच्या खोलीत बावीस जणांमध्ये पथारी टाकली. त्या कागदात सामन्यातील दुखापतीचा खर्च संघ करील असे लिहिले होते. सरावातील दुखापतीचा उल्लेखच नव्हता. माझा गुडघा सरावात गेला. दोन महिन्यांनी मुदत संपली, नवे पत्र आले नाही आणि शस्त्रक्रियेसाठी वडिलांनी सुपारीच्या पिकावर उचल घेतली. तेव्हापासून मी सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागत आलो : सरावातील दुखापतीचा खर्च कोण देणार, मानधन महिन्याच्या कोणत्या तारखेला मिळणार आणि संघाचा सामना नसताना गावाकडून खेळता येणार की नाही. शेवटची गोष्ट शहरातल्या अधिकाऱ्यांना क्षुल्लक वाटते. पण शनिवारच्या एसटीने माणगावमार्गे घरी जाऊन ग्रामदेवतेच्या स्पर्धेत न उतरणाऱ्या मुलाला गावात काय ऐकावे लागते, हे त्यांना ठाऊक नसते.

प्रो कबड्डीचे नाव काढल्याशिवाय आता कोणतीही चर्चा पुरी होत नाही. ही लीग 2014 मध्ये आठ संघांनी सुरू झाली आणि 2017 मध्ये संघ बारा झाले. 2024 च्या लिलावात सर्वांत खालच्या ड गटाची मूळ किंमत 9 लाख रुपये आणि अ गटाची 30 लाख रुपये होती. हे आकडे खरे आहेत, पण ज्याच्या नावावर बोली लागते त्याच्यापुरतेच. एका वर्षी माझे नावही यादीत होते. ते पुकारले गेले, कोणी बोली लावली नाही आणि पुढचे नाव आले. लीगचा हंगाम साधारण अडीच महिन्यांचा असतो, तेव्हा लिलावात निवड झाली तरी उरलेल्या महिन्यांची सोय तुम्हालाच पाहावी लागते. म्हणून लीगच्या आशेवर व्यावसायिक संघातील जागा सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शरीराबाबत इतकेच सांगतो. मातीवर आपण अनवाणी खेळतो आणि पाय थोडा घसरतो. मॅटवर बूट घट्ट रुततो आणि वळताना सगळा ताण गुडघ्यावर येतो. गावातून थेट मॅटवर जाणाऱ्याने पहिला महिना वेग कमी ठेवावा. माझा फाटलेला स्नायुबंध शस्त्रक्रियेनंतर पुन्हा खेळण्याजोगा व्हायला जवळजवळ दहा महिने लागले. पुरुष गटासाठी 85 किलोची मर्यादा आहे, आणि गौरी-गणपतीला घरी जाऊन आलेल्या कोकणातल्या मुलाला तिची आठवण करून द्यावी लागते.

आता कागदपत्रांकडे येतो. महाराष्ट्रात शासकीय नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. गावच्या स्पर्धेतील भली मोठी ढाल तेथे उपयोगाची नसते, अधिकृत संघटनेच्या राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांतील कामगिरीच धरली जाते. माझ्या एका प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव चुकीचे छापले होते आणि मी ते सहा वर्षे तसेच ट्रंकेत ठेवले. दुरुस्तीसाठी गेलो तेव्हा त्या वेळचे पदाधिकारी बदललेले होते, जुन्या नोंदवह्या शोधाव्या लागल्या आणि त्यात एका भरतीची मुदत टळली. पुढच्या भरतीत, तेहतिसाव्या वर्षी, मला लिपिकाची जागा मिळाली. प्रमाणपत्र हातात पडताच, मैदानावरून निघण्यापूर्वी, त्यावरील नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहावी. चूक असेल तर सही करणारा माणूस तेव्हा समोरच्या टेबलाशीच बसलेला असतो.