खाडीवर चिखलपक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

चिखलपक्षी म्हणजे चिखलात चरणारे किनाऱ्यावरचे पक्षी. ते बघून ठाणे खाडीवरून परतलेल्यांची नेहमीची तक्रार: "पक्षी होते हो, पण लांब, ठिपक्यांएवढे." विचारलं तर कळतं, ऐन ओहोटीत गेले होते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेला, पार आत जाऊन चरतात. भरती चढू लागली की तेच पक्षी काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीच्या आधीचे दीड-दोन तास गाठायचे.

भरतीची वेळ कशी काढायची? कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट, तेवढे वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ; दिवसाही आणि रात्रीही. वेळ थोडी इकडेतिकडे होते, खाडीत आत भरती जरा उशिराच पोचते, पण बेत ठरवायला एवढं पुरतं.

दुसरी चूक उन्हाची. शिवडी, भांडुप हा पश्चिम काठ. सकाळी गेलात तर सूर्य समोर, आणि सगळे पक्षी काळे. तिथे दुपारची भरती हवी, म्हणजे चतुर्थी-पंचमी. समोरच्या पूर्व काठावर, ऐरोलीच्या बाजूला सकाळी ऊन पाठीवर असतं. तिथे द्वादशी-त्रयोदशी उत्तम. 'रविवार मोकळा आहे' म्हणून निघणाऱ्यांनी आधी कालनिर्णय उलटावं.

ओळख पटत नाही? रंगावर जाऊ नका. हिवाळ्यात बहुतेक मंडळी करड्या-तपकिरी पिसांत असतात. पायाच्या रंगावरही डोळे झाकून विसंबू नका. चिखलाने माखलेला रेडशँकचा पाय लाल दिसतच नाही. तो उडाला की पंखाची मागची पांढरी कडा बघा, शंकाच उरत नाही. लांब चोचीच्या गॉडविटचंही तसंच: पंखावर ठळक पांढरा पट्टा आणि काळी शेपटी असेल तर ब्लॅक-टेल्ड, पट्टा नसेल आणि शेपटीवर आडव्या रेघा असतील तर बार-टेल्ड. बसलेल्या पक्ष्याची चाल बघा. चिखल्या (प्लोव्हर) चार पावलं पळतो, थबकतो, टिपतो. स्टिंट हा छोटा पक्षी शिवणयंत्रासारखा टोचत राहतो. टेरेक सँडपायपर वर वळलेली चोच पुढे काढून, वाकून धावतो.

फोटोसाठी थव्याकडे चालत जाणं ही मात्र सरळ आगळीक. भरतीला पक्षी मिठागरांवर, बांधांवर दाटीने विसावतात. तुम्ही उडवलंत की हजारो मैलांच्या परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी तुमच्या एका फोटोपायी खर्च होते. चरणारे पक्षी माना ताठ करून थांबले की तुम्ही जास्त जवळ आलात. दोन पावलं मागे या. ड्रोन तर नकोच.

किरकोळ गोष्ट: एसी गाडीतून उतरल्यावर भिंगांवर वाफ धरते. दुर्बीण थोडा वेळ आधीच बाहेर काढा.

आणि चिखलात उतरू नका. चुकून पाय रुतलाच तर जोरात ओढू नका. मागे रेलून वजन पसरा, टाच हलवत पाय सोडवा. चप्पल आत राहिली तर राहू द्या.