जुन्या अमेरिकन फुटबॉलपटूचे चरित्र मराठीत कसे लिहावे

विसाव्या शतकाच्या मध्यावरील एखाद्या अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलपटूचे चरित्र नाशिकच्या वाचकांसाठी लिहायचे झाल्यास पहिली अडचण येते ती खेळाचीच. चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि समोरच्याला आडवे करण्याचा हा खेळ आहे. दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकण्यासाठी संघाला चार संधी मिळतात. एवढे सांगून थांबावे. नियमांचा तक्ता वाचून मग चरित्राकडे वळणारा वाचक निदान मला तरी भेटलेला नाही.

नमुन्यादाखल फिलाडेल्फिया ईगल्सचा चक बेडनरिक घेऊ. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम या पोलादनगरीत, स्लोव्हाकियातून आलेल्या कुटुंबात १ मे १९२५ रोजी त्याचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात बी-२४ बॉम्बफेकी विमानात तोफची म्हणून त्याने ३० मोहिमा केल्या आणि युद्धानंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकून व्यावसायिक संघांच्या १९४९ च्या खेळाडू-निवडीत तो पहिल्या क्रमांकाने उचलला गेला. हा भाग एका परिच्छेदात आटोपावा.

रेंगाळायचे ते त्याच्या चरितार्थापाशी. त्या काळी हंगाम संपला की बहुतेक खेळाडूंना दुसरे काम धरावे लागे. बेडनरिक काँक्रीट विकत असे, आणि त्यावरूनच ‘काँक्रीट चार्ली’ हे टोपणनाव त्याला चिकटले. अनेक लेखक हे नाव केवळ त्याच्या दणकट शरीराशी जोडून मोकळे होतात. गंगापूर रोडवर बांधकामांकडे जाणारे रेडीमिक्सचे ट्रक रोज पाहणाऱ्या वाचकाला मात्र नावामागचा धंदा सांगितला, तर त्या पिढीच्या व्यावसायिक खेळाची आर्थिक बाजू निराळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी जपून मांडायची गोष्ट म्हणजे तो आक्रमणात सेंटर (मधोमध उभा राहून चेंडू मागे देऊन डाव सुरू करणारा) आणि बचावात लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहणारा) अशा दोन्ही बाजूंनी खेळला. चढाई करणाराच पकडीतही उतरतो अशा कबड्डीत वाढलेल्या आपल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. म्हणून नवल कशाचे हे लिहावेच लागते. १९५० पासून खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची मुभा कायमची मिळाली आणि आक्रमण व बचाव यांचे खेळाडू वेगळे होत गेले. तरीही १९६० च्या हंगामात ईगल्सचा एक लाइनबॅकर जायबंदी झाल्यावर पस्तिशीतल्या बेडनरिकला दोन्हीकडे उभे राहावे लागले. २६ डिसेंबर १९६० रोजी फ्रँकलिन फील्डवर ईगल्सने ग्रीन बे पॅकर्सला १७-१३ असे हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा पॅकर्सच्या जिम टेलरला गोलरेषेच्या अलीकडे खाली पाडून वेळ संपेपर्यंत दाबून धरणारा बेडनरिकच होता. या सामन्याला ‘सुपर बोल’ म्हणू नये. त्या नावाने आज ओळखला जाणारा अंतिम सामना जानेवारी १९६७ मध्ये सुरू झाला.

आकडे देताना हात आखडता घ्यावा. बचावपटूने किती जणांना पाडले याची अधिकृत मोजदाद त्या काळी होत नसे, त्यामुळे असा नेमका आकडा कुठे आढळल्यास तो वगळावा. त्याने अडवून पकडलेले २० पास मात्र नोंदीत आहेत, आणि १९६७ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातील थोरांच्या मानाच्या यादीत, स्थान मिळाले. म्हातारपणीच्या छायाचित्रांत त्याची बोटे सांध्यांतून भलतीकडे वळलेली दिसतात. चौदा हंगामांचा हिशेब मांडताना त्या बोटांचे दोन ओळींत वर्णन अवश्य करावे.

राहता राहिला २० नोव्हेंबर १९६० चा यांकी स्टेडियमवरचा प्रसंग. न्यू यॉर्क जायंट्सचा फ्रँक गिफर्ड बेडनरिकच्या धडकेने बेशुद्ध पडला आणि मूठ आवळून त्याच्यावर उभा असलेला बेडनरिक छायाचित्रात कायमचा बंदिस्त झाला. लेखाची सुरुवात येथून करू नये, नाहीतर पुढचे सारे आयुष्य त्या एका क्षणाचे परिशिष्ट होऊन बसते. चेंडू आपल्या संघाला मिळाल्याचा तो आनंद होता, हे बेडनरिकचे म्हणणे आणि धडक नियमात बसणारी होती, हे गिफर्डचे म्हणणे, दोन्ही द्यावीत. गिफर्ड १९६१ चा हंगाम खेळला नाही, १९६२ मध्ये परतला. दोघेही २०१५ मध्ये वारले; गिफर्डच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा विकार आढळल्याचे त्याच्या कुटुंबीयांनी त्याच वर्षी जाहीर केले. ही माहिती शेवटच्या ‘निधन’ या मथळ्याखाली न टाकता धडकेच्या वर्णनाला लागूनच द्यावी.