सोसायटीच्या जुन्या वस्तूंच्या सेलला सामान देताय? आधी घरी एवढं करा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आमच्याकडे पुण्यात बऱ्याच सोसायट्यांमध्ये जुन्या वस्तूंचा सेल लागतो. क्लबहाऊसमध्ये नाहीतर पार्किंगमध्ये टेबलं मांडायची, सगळ्यांनी घरातलं चांगलं पण वापरात नसलेलं सामान आणून द्यायचं, अगदी कमी किमतीत ते विकायचं आणि जमलेले पैसे एखाद्या चांगल्या कामाला द्यायचे. मी सामान लावायला असते, म्हणून यावेळी आधीच लिहितेय, कारण तयारी घरी झाली तरच त्या दिवशी सगळं नीट होतं.

पहिलं म्हणजे घेणारं कोण आहे ते डोळ्यासमोर आणा. हाऊसकीपिंगच्या ताई, ड्रायव्हर, इस्त्रीवाले, समोरच्या बिल्डिंगमध्ये नुकतीच रूम घेतलेली कॉलेजची मुलं, ही सगळी खिशातले पैसे मोजून वस्तू घेतात आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन वापरायला काढतात, बिघडलेली निघाली तर परत आणून भांडत बसत नाहीत, गप्प राहतात. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच बघायचं, आज रात्री ही वापरता येईल का? नसेल तर ती सेलची नाही, भंगारवाल्याची आहे.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करा, सगळ्यात जास्त मागणी तिथल्याच सामानाला असते. कुकर देताना त्याचं झाकण, शिट्टी, रिंग आणि आतले डबे सगळं एकत्र हवं, आणि देण्याआधी पाणी घालून एकदा शिट्टी काढून बघाच. रिंग कडक झाली असेल तर नवीन बसवून द्या, फार महाग नसते, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जुना वाटत असेल तर तोही बदला, कुकरच्या बाबतीत चालढकल अजिबात नको. मिक्सर असेल तर प्रत्येक भांडं लावून फिरवून बघा, खालचा कपलर झिजलाय का, भांड्यातून पाणी गळतंय का, झाकण घट्ट बसतंय का. नॉनस्टिकचं कोटिंग निघालेला तवा नको. स्टीलची भांडी घासून कोरडी करून द्या. त्यांच्यावर नावं कोरलेली असतात, अमक्याच्या मुंजीनिमित्त, तमक्याच्या लग्नात, तारखेसकट, त्याची काळजी करू नका, लोक आनंदाने घेतात. पण देण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना एकदा दाखवा, एखादं तांब्या-फुलपात्र आजीच्या माहेरचं असतं आणि ते गेल्यावर घरात रुखरुख लागून राहते.

गॅसची शेगडी द्यायला हरकत नाही, बर्नर साफ करून द्या, पण सिलेंडर आणि रेग्युलेटर सेलमध्ये ठेवायचा नाही. ते गॅस कंपनीचे असतात, आपण डिपॉझिट भरून वापरतो, नको असतील तर एजन्सीत परत करून डिपॉझिट घ्यायचं. जुनी रबरी नळीसुद्धा देऊ नका, घेणाऱ्याने नवीनच लावावी.

इलेक्ट्रिकच्या वस्तू घरी किमान दहा-पंधरा मिनिटं चालवून बघा, नुसता लाइट लागला म्हणजे चालू आहे असं नाही. इस्त्री तापते का आणि तापल्यावर आपोआप कट होते का, वायर कुठे सोललीय का, टेप गुंडाळलेली वायर तर नकोच नको. एखादी खोड असेल, जसं टेबलफॅनचा दोन नंबरचा स्पीड चालत नाही, तर चिठ्ठीवर स्पष्ट लिहून चिकटवा, खोड माहीत असली तरी लोक घेतात, लपवलेली मात्र लागते मनाला. बंद पडलेले चार्जर, फुगलेल्या बॅटऱ्या, सीएफएलचे दिवे (त्यात पारा असतो) हे सगळं वेगळं काढून ई-कचऱ्यात द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुनं सामान आणि ई-कचरा गोळा करते, तिथे चौकशी करा.

फोन देत असाल तर त्यातून आपलं गुगल किंवा ॲपलचं अकाउंट आधी काढा, मग फॅक्टरी रिसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढलं का बघा. अकाउंट राहिलं तर पुढच्या माणसाला फोन तुमचाच पासवर्ड मागत बसतो आणि त्याचे पैसे वाया जातात. बिल सापडलं तर बिलाची झेरॉक्स सोबत द्या.

कपडे धुऊन, वाळवून, घड्या घालून द्या, इस्त्री नसली तरी चालेल. खिसे तपासा, साड्यांच्या पिना काढा, ब्लाऊज त्याच साडीच्या घडीत ठेवा. आतले कपडे, एकटे मोजे, डाग पडलेले टॉवेल नकोत. चादरींवर सिंगल की डबल आणि पडद्यांवर लांबी फुटांत लिहिलेली चिठ्ठी पिनअप केली तर टेबलापाशी उलगडून बघायची वेळ येत नाही. गाद्या, उशा आणि लाकडी कॉट उन्हात ठेवून ढेकूण आहेत का ते फटीफटीत बघूनच द्या.

मुलांच्या खेळण्यांत तुकडे मोजायचे. कॅरमच्या ९ काळ्या, ९ पांढऱ्या, राणी आणि स्ट्रायकर एका पिशवीत घालून बोर्डाच्या मागेच बांधा, सुट्या दिल्या की हरवल्याच. शाळेची पुस्तकं देताना अभ्यासक्रम बदललाय का बघा, गोष्टीची पुस्तकं मात्र कितीही जुनी असली तरी द्या, ती हातोहात जातात. पानं झटकून बघा, आत बँकेचे कागद, फोटो, कधी नोटाही असतात. अपघातात आपटलेलं हेल्मेट देऊ नका, बाहेरून चांगलं दिसलं तरी आतून कामाचं राहत नाही. देवांच्या तसबिरी भांड्यांच्या खोक्यात टाकून पाठवू नका, कुणाला हव्यात का ते आधी विचारून त्यांच्या हातात द्या.

सामान आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणा, खोक्यावर फ्लॅट नंबर लिहा, आणि विकलं गेलं नाही तर परत हवंय की पुढे कुठे द्यायचं तेही तिथेच लिहा. कपाट, सोफा खाली आणायच्या आधी मोबाईलवर फोटो पाठवा, मापं पाठवा, गिऱ्हाईक ठरलं की थेट तुमच्या घरून नेता येतं, लिफ्टमधून दोनदा चढउतार नको.

आणि कमिटीतल्या लोकांसाठी एक. आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताई मिक्सर घेऊन गेटवर गेल्या की सिक्युरिटी त्यांना थांबवून पिशवी उघडायला लावते, पैसे देऊन घेतलेल्या वस्तूसाठी चारचौघांत उत्तरं द्यावी लागतात, हे मला फार खटकतं. त्यामुळे पावतीवर नुसती रक्कम नको, वस्तूचं नाव, तारीख आणि सेलचा शिक्का हवा, आणि दोन्ही शिफ्टच्या सिक्युरिटीला पावतीचा नमुना आदल्या रात्रीच दाखवून ठेवा.