सिझरनंतरचा सव्वा महिना

दवाखान्यातून सुटी मिळाली म्हणजे बाळंतीण बरी झाली, असे घरोघरी मानले जाते. वरची कातडी सात ते दहा दिवसांत जुळून येते आणि टाके काढल्यावर जखम मिटलेली दिसते, त्यामुळे हा समज पक्का होतो. सिझरमध्ये मात्र कातडी, तिच्याखालची चरबी, स्नायूंवरचे चिवट आवरण, पोटाच्या आतला पडदा आणि गर्भाशयाची भिंत असे एकाखाली एक थर उघडलेले असतात, आणि आतले थर भरून यायला साधारण सहा आठवडे लागतात. जुन्या माणसांनी घालून दिलेला सव्वा महिना या मुदतीच्या अगदी जवळ जातो. म्हणून सिझर झालेल्या बाईने तो अवश्य पाळावा, उलट चार-पाच दिवस वाढवावा; त्यातली विश्रांती ठेवावी, शेगडीचा शेक आणि पाणी पिण्यावरची बंदी तेवढी सोडावी.

पहिल्या दिवशी पडून राहण्याचा आग्रह धरू नये. डॉक्टर किंवा नर्सबाई सांगतील तेव्हा, शक्यतो 24 तासांच्या आत, कुणाचा तरी हात धरून उठावे आणि खोलीत चार पावले चालावे. चालल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो आणि पोटात अडकलेला वायूही सुटतो. बाळाला चीक पाजायला टाक्यांची अडचण नसते. आईने कुशीवर वळून पाजले, किंवा बाळाला काखेखाली उशीवर धरले, तर त्याचे पाय जखमेला लागत नाहीत. शासकीय रुग्णालयात सिझरनंतर सात दिवसांपर्यंत आईला मोफत जेवण आणि घरी सोडायला मोफत वाहन मिळण्याची तरतूद आहे. सोयाबीनची सवंगणी तोंडावर आली म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याआधी सुटी मागू नये, आणि खडबडीत रस्त्याने दुचाकीवर बसवून तिला गावी आणू नये.

घरी पोहोचण्याआधीच एक गोष्ट ठरलेली असावी: सहा आठवडे पाणी कोण भरणार? बाळाच्या वजनापेक्षा जड काहीही उचलू नये, हा नियम सोपा आहे. पण पंधरा लिटर पाण्याचे भांडे पंधरा किलोच्याही वर जाते आणि हापसी दाबताना सगळा जोर पोटावरच येतो. नवऱ्याने, दिराने किंवा नणंदेने हे काम नावानिशी अंगावर घ्यावे. ‘कुणीतरी भरेल’ असे म्हटले की तिसऱ्या आठवड्यात बाळंतीणच पाण्याचे भांडे घेऊन निघते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. कापसाच्या वेचणीलाही हाच नियम लागू आहे, कारण दिवसभर वाकणे आणि भरलेले गाठोडे डोक्यावर घेणे हे आतल्या टाक्यांना सोसणारे काम नव्हे.

झोपण्याच्या जागेकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. सैल बाजेवर अंग मध्ये खोल जाते आणि उठताना पोटाच्या स्नायूंवर मोठा ताण येतो, म्हणून बाज आवळून घ्यावी किंवा लाकडी पलंग वापरावा. उठताना सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या कोपराने रेटा देऊन बसावे. खोकताना, शिंकताना किंवा हसताना टाक्यांवर उशी किंवा घडी केलेले लुगडे दाबून धरले की दुखणे बरेच कमी होते. दवाखान्यातून मिळालेल्या वेदनाशामक गोळ्या दुधातून बाळाला बाधतील या भीतीने टाळू नयेत. त्या पाजणारी आई लक्षात घेऊनच दिलेल्या असतात, आणि दुखत असलेली बाई ना नीट चालते, ना नीट पाजते.

जखम कोरडी ठेवावी. डॉक्टरांनी अंघोळीची परवानगी दिल्यावर अंगावरून पाणी घेण्यास हरकत नाही, पण नंतर स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्यावे, चोळू नये. हळद, तेल, राख किंवा कुणी आणून दिलेला लेप टाक्यांवर लावू नये. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि पोटाच्या वळीखाली घाम साचतो. अशा दिवसांत जखमेवर वारा लागू द्यावा आणि घट्ट पोटपट्टी बांधू नये. बाजेखालची शेगडी आणि बंद खोलीतली धुरी ही सासूबाई प्रेमानेच करतात, तरीही ती थांबवावी, कारण टाक्यांभोवतीची कातडी काही महिने बधिर राहू शकते आणि भाजले तरी लवकर कळत नाही. शिवाय तोच धूर आणि विषारी वायू नवजात बाळाच्याही छातीत जातो.

खाण्याबाबत आजीचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. आळीव, मेथी, डिंकाचे लाडू खुशाल द्यावेत, पण वरण खाल्ल्याने टाके पिकतात ही समजूत चुकीची आहे. टाके पिकतात ते जंतुसंसर्गाने. जखम भरायला प्रथिने लागतात, म्हणून भाकरीबरोबर तुरीचे घट्ट वरण, हिरवी भाजी, दूध आणि खात असल्यास अंडी रोज असावीत. पाणी तोडणे सर्वांत वाईट, कारण त्याने लघवीची आग, मलावरोध आणि शौचाला जोर करणे ही दुखणी ओढवतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमसोबत घेऊ नये.

पुढीलपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा किंवा दवाखाना गाठावा: 100.4 अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, टाक्यांतून पू किंवा वाढती लाली, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाभरात पूर्ण भिजणारे पॅड, एका पोटरीला सूज आणि वेदना, धाप लागणे, छातीत दुखणे, झटके येणे, किंवा तीव्र डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे अंधारी. शेवटची दोन लक्षणे ‘बाहेरचे’ समजून अंगारा लावण्यात वेळ घालवू नये. ती रक्तदाबाची असू शकतात आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतात. रडू येणे, झोप न लागणे, बाळाची ओढ न वाटणे हे दोन आठवड्यांपुढे टिकले तर तोही आजार समजावा; 14416 या टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

सिझर झाले असेल तर आशाताई 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात, तेव्हा बाळाबरोबर आईचीही विचारपूस करून घ्यावी. सहा आठवड्यांनी तपासणीला जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे आणि पुढच्या गर्भधारणेत किमान दोन वर्षांचे अंतर ठेवण्यासाठी कोणते साधन वापरावे हे नवऱ्यासमक्ष विचारून घ्यावे. ते कार्ड नंतरही जपून ठेवावे. पुढचे बाळंतपण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच करावे लागेल आणि तिथल्या डॉक्टरांना गर्भाशय कसे उघडले होते हे पाहावे लागेल.