अण्णांचा रोस्ट ठरलाय? मग आधी एवढं करा

रोस्ट म्हणजे माणसाला समोर बसवून, त्याच्याच होकारानं त्याची भर स्टेजवर चेष्टा करायचा कार्यक्रम. आपल्या जुन्या फुटबॉलवाल्या अण्णांचा तो करायचा, तर सगळ्यात आधी अण्णांच्या घरी जा. फोनवरचा होकार धरू नका. समोर बसून स्पष्ट सांगा, की शाहू स्मारकच्या स्टेजवर तासभर तुमची सालटी काढणार आहोत आणि ते केबलवर अख्ख्या कोल्हापूरला दिसणार आहे. मग तोच प्रश्न काकींना विचारा आणि मुलांनाही विचारा, हे माझं हट्टाचं म्हणणं आहे. मागं एका सत्काराला आमच्यातल्या एकानं पाहुण्यांच्या बुडालेल्या दुकानावर विनोद केला. पाहुणे हसले. तिसऱ्या रांगेतल्या त्यांच्या मुलीनं मात्र मान खाली घातली, पर्स उचलली आणि ती उठून गेली. ती खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. अमेरिकन फुटबॉलमधल्या टॉम ब्रेडीसारख्या खेळाडूचंही तेच झालं. २०२४ च्या मे महिन्यात नेटफ्लिक्सवर त्याचा रोस्ट थेट दाखवला. स्वतःवरचे विनोद आवडले, पण मुलांना जो त्रास झाला तो आवडला नाही, असं त्यानं नंतर सांगितलं.

तेव्हा जाताना वही घेऊन जा. एका पानावर काय खेचायचं ते लिहा, दुसऱ्यावर कशाला हात लावायचा नाही ते. दुसरं पान काकींना भरू दे. आजारपण, कर्ज, गेलेली माणसं, लेकीसुनांचे संसार यातलं त्या जे लिहितील त्यावर वाद घालू नका.

मग लिहायला बसा. टक्कल आणि पोट कुणाचंही असतं, त्यावर वेळ घालवू नका. ‘अण्णा पेनल्टी मारायला उभे राहिले की गोलकीपर निवांत असायचा, स्टेडियमबाहेरचा भेळवाला गाडी हलवायचा,’ हे मात्र फक्त अण्णांवरच बसतं. असं काही मिळवायचं तर त्यांच्याबरोबर खेळलेल्या चार म्हाताऱ्यांना गाठा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेटतील. रोस्ट हा शब्द बाहेरचा असला तरी तमाशातल्या सोंगाड्यानं बतावणीत भल्याभल्यांची टोपी उडवलेली आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. ती लय कानात असू द्या.

लिहून झालं की घरात टीव्हीसमोर आजी आणि शाळकरी नातू बसलेत असं समजून मोठ्यानं वाचा. २०१४ च्या डिसेंबरात मुंबईत वरळीला एआयबी या विनोदी कलाकारांच्या गटानं रणवीर सिंग आणि अर्जुन कपूरचा रोस्ट केला, करण जोहर सूत्रधार होता. समोरच्या गर्दीनं तो डोक्यावर घेतला. तोच यूट्यूबवरून घराघरात गेला तेव्हा पोलिसांत तक्रारी झाल्या आणि व्हिडिओ काढावा लागला. कोल्हापुरी शिवी मैदानात प्रेमाची वाटते, केबलवर ती नुसती शिवी उरते. जात, धर्म आणि पेठापेठांतली जुनी भांडणं तर कागदावरसुद्धा येऊ देऊ नका.

बोलणारे पाचच ठेवा, प्रत्येकाला पाच मिनिटं. सूत्रधार अण्णांच्या जवळचाच हवा, कारण त्यांचा चेहरा पडला की विषय तिथंच फिरवणं हे त्याचं काम. कॉलर माईक आदल्या दिवशी तपासा. अण्णांची खुर्ची बोलणाऱ्याच्या शेजारी मांडा आणि एक कॅमेरा सारखा त्यांच्यावर ठेवा, घरचा प्रेक्षक त्यांचंच हसू बघायला बसलेला असतो.

शेवटची पाळी अण्णांची. त्यांना आठवडाभर आधी सांगा, म्हणजे तेही तयारीनं येतील, आणि पाचही जणांनी त्यांचं निमूट ऐकून घ्यायचं. कॅमेरावाल्याला बजावून ठेवा, ठरलेली वेळ संपली तरी अण्णा माईक खाली ठेवेपर्यंत शूटिंग थांबवायचं नाही.